पालथा राजा

पिरंगुट, १८ ऑगस्ट २०२५

गेणू,

तुझी आई ठणठणीत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर पाकिटावर माझं अक्षर बघून तू भलतंच काही समजायचास.

फोनच करणार होतो. केलाही. दाजीचा नंबर दिसला की तू कट करतोस, हे आता मला पाठ झालंय. पत्राला ती सोय नाही. फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी चार ओळी वाचतोच. पत्ता आमच्या आरोहीने काढून दिला. पोरगी हिंजवडीत नोकरीला आहे, जांब्याला खोली घेऊन राहते आणि मोबाईलवर जगातलं काहीही शोधून काढते. तुझ्या हुबळीच्या गॅरेजचा फोटोही तिने दाखवला. बोर्ड कानडीत, खाली तू जॅक घेऊन उभा. टक्कल पडलंय लेका तुला. तू घर सोडलंस तेव्हा हीच आरोही बालवाडीत होती आणि मामाच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हती.

तर लिहायचं कारण असं, की ताम्हिणीच्या घराचा पत्रा उडाला. आषाढात वारं असं सुटलं की पडवीचा पत्रा उचलून पार खाली दादासाहेबाच्या ढाब्यापाशी नेऊन टाकला. मी स्कूटर काढून वर गेलो. बघतो तर पाण्याची धार नेमकी देव्हाऱ्यावर. मामी, तुझी आई, पातेलं धरून बसलेली. मोतीबिंदू पिकलाय तिचा, धार कुठे पडतेय तेही धड दिसत नव्हतं. मला म्हणाली, "पाव्हणं, देव हलवाया लागत्यात. घरात दुसरा बाप्या न्हाई. तुमीच उचला."

जावई सासुरवाडीच्या देवांना हात लावत नाही, हे तुला सांगायला नको. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमच्या घरी मटण हाणलं, गाद्या तुडवल्या, पण देव्हाऱ्याला लांबूनच हात जोडले. त्या दिवशी पहिल्यांदा उचलले. बिरोबाचा टाक, खंडोबाचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव, आपल्या घराघरांत असतात तसेच. मग मधली ती छोटी, गोल, तुमची 'बसलेली आई'. ती हातात आली आणि वजनानेच कळलं की हा पत्रा नव्हे. सगळी भरीव चांदी. पुसायला म्हणून उलटी केली आणि गेणू, मी खालीच बसलो. हळदीच्या पुटाखालून टायबेरियस माझ्याकडे बघत होता.

हस. तू त्याला 'टिब्या' म्हणायचास.

तुझी बायको, सोनिया, हे पत्र वाचेल तर तिला कळावं म्हणून लिहितो. तुझ्या दाजीला तंबाखूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. एकच नाद आहे. रोमचा एक राजा होता, टायबेरियस, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याची नाणी जमवतो. त्याचीच. बाकीचे राजे कोणी फुकट दिले तरी नकोत. लोक म्हणतात, एकाच माणसाचं तोंड किती वेळा बघणार? अरे, माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे छापाचे साचे, घासण्यात गेला. मला नाण्यावर राजा दिसतच नाही, त्याची डाय कापणारा दिसतो. एकाने नाक लांब काढलंय, एकाने मान बैलासारखी, एकाचा त्या दिवशी हात थरथरत होता. माणूस तोच, पण प्रत्येकाने आपापला बघितलाय. ते बघायला एक राजा पुरे.

नाण्याच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. एका हातात उंच काठी, दुसऱ्यात डहाळी. काही अभ्यासक म्हणतात ती शांतीची देवी. बरेच म्हणतात, त्याची आई, लिव्हिया. मी आईच धरून चालतो.

माझ्याकडची सगळी दुकानदारांकडून आलीत, कुठल्या कुठल्या देशांत लिलाव होऊन, प्लास्टिकच्या पाकिटांत बसून. आणि हे एक माझ्या सासूच्या देव्हाऱ्यात हळद खात पडलेलं. कोकणातल्या बंदरावर उतरून घाट चढून आलं असेल का? पुरावा काही नाही. पण मला ते बैलाच्या पाठीवरच्या गोणीत दिसतं, अगदी तुमच्या वळणावरून जाताना. बाईच्या अंगावर काही उरलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या बायकांनी अंगठ्याने कुंकू लावलं, त्यात खुर्ची गेली, काठी गेली, नुसता एक उंचवटा राहिला. राजा मात्र कापडावर पालथा, त्याला कुणाचा हात लागला नाही. तो काल पाडल्यासारखा.

एवढंच विचारायचं होतं. ती आई घरात कुठून आली, तुझ्या वडिलांनी कधी काही सांगितलं होतं का? तेव्हापासून मला चैन नाही. जेवता जेवता उठतो, बाजारात जातो, काहीच न घेता परत येतो. तुझी ताई म्हणते, अंगात वारं शिरलंय. तिला हे पत्र माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात मामीचं डोळ्याचं ऑपरेशन. आरोहीने रजा काढलीय. पुण्यात न्यायचं, मग काही दिवस जांब्याला ठेवून घ्यायचं. तोवर ताम्हिणीच्या घराची किल्ली माझ्याकडे.

तुझा दाजी,
किशोर


पिरंगुट, ८ सप्टेंबर

गेणू,

उत्तर नाही. बरं. पोस्टमन आमच्या गल्लीत आला की मी पायात चप्पल घालून दारात. तो आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

ऑपरेशन झकास झालं. पट्टी निघाल्यावर मामीने पहिल्यांदा आरोहीला बघितलं आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीस, खायला घालत न्हाई का कंपनी?" मग जांब्याच्या गॅलरीतून समोरचे मजले बघत बसली. तिसऱ्या दिवशी घराचा धोशा लावला. मी आणि तुझी ताई तिला ताम्हिणीला घेऊन गेलो.

आता जे झालं ते सांगतो. दार उघडलं, काळा चष्मा कपाळावर सरकवून मामी सरळ देव्हाऱ्याकडे गेली. कुंकवाची डबी उघडली, अंगठा आईवर टेकवला आणि तशीच थांबली. अंगठा उचलला, परत टेकवला. मग तिने आईला उचलून दारातल्या उजेडात आणलं.

"तुळजे," तिने तुझ्या ताईला हाक मारली, "आईला रूप आलं."

खुर्चीचे पाय दिसत होते, गेणू. काठी दिसत होती, डहाळी, पदराच्या चुण्या, सगळं. तुझी ताई म्हणाली, "आये, तुझं डोळं उघडलं म्हनून दिसतंय." तर म्हातारी म्हणते कशी, "डोळं माझं उघडलं, मग आईला गुडगं कसं फुटलं? अंगठ्याला लागत्यात की. अंगठ्याचंबी आपरेशन केलं व्हय?"

दुपारपर्यंत वस्तीभर झालं. संध्याकाळी दादासाहेब ढाबा पोरांवर टाकून स्वतः आला, लोटांगण घातलं आणि उठता उठता मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, रस्त्याला एक फ्लेक्स लावू का? शनिवार-रविवार धबधब्याला लई गाड्या असत्यात." मी त्याला असा झापला की तो चहाही न घेता गेला. गंमत नाही ही. पुढचं ऐक.

तू सोनियाला घेऊन दारात उभा राहिलास तो दिवस तुला मी सांगायची गरज नाही. मामीने तिला देवापुढं बसवली नाही. देवापुढं बसवून ओटी भरल्याशिवाय सून घरची होत नाही, आणि परजातीची पोर आमच्या आईला चालायची न्हाई, हे तिने चारचौघांत सांगितलं. तू म्हणालास, "ह्या देवीचं तोंड परत बघणार न्हाई." ती म्हणाली, "तिलाबी तुझं बघायचं न्हाई." झालं. तुम्ही दोघं बोललात आणि मधे आम्ही सगळी होरपळलो.

आता ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहितो. "गेणू गेला त्या दिसापास्नं आई पुसत गेली. आता परत आली, म्हंजे त्यो येनार. घटाला येनार. सुनंलाबी आननार." गेणू, तिने तुझ्या ताईकडून हिरवी साडी मागवलीय. बांगड्या मागवल्यात. माप माहीत नाही म्हणून तीन मापांच्या. जमीन सारवलीय. एवढी वर्षं जी बाई तुझं नाव काढलं की उठून गोठ्यात जायची, ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय की सुनेला देवापुढं बसवायचीय.

ये बाबा.

दाजी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. अर्धवट लिहून पाठवलं तर मला अन्न जायचं नाही. ते रूप मी आणलं. ती जांब्याला असताना मी किल्लीने घर उघडलं, तुमची आई घेतली आणि माझ्याकडचं नाणं त्या जागी ठेवलं. सेम छाप, सेम राजा, सेम बाई. सगळ्यात चांगलं ठेवलं. झिजकं ठेवता आलं असतं, पण देवाच्या जागेवर हलका माल ठेवायला हात धजेना. मला वाटलं, म्हातारीला काय दिसतंय. तिचे डोळे उघडायला मीच रिक्षा ठरवून दिली होती आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तुझ्या ताईला यातलं काही ठाऊक नाही.


पिरंगुट, १५ सप्टेंबर

गेणू,

ताईला आता ठाऊक आहे.

आधी माझी फजिती ऐक. मी ठरवलं, गुपचूप परत बदलून यायचं. तुमची जुनी आई सदऱ्याच्या खिशात टाकली आणि स्कूटर मारली. धरणाच्या कडेकडेने जाताना मनात जुळवणी चालू होती: मामी गोठ्यात गेली की अर्धा मिनिट पुरे. पोचलो तर ती अंगणात बसलेली, पुढ्यात ताट, ताटात देव, हातात चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख. घटाला अवकाश होता तरी तिने देव उजळायला काढले होते. आणि माझं नाणं, गेणू, ज्याला मी नखाचा स्पर्श होऊ दिला नाही, जे मी श्वास रोखून पाकिटातून काढायचो, ते तिच्या मुठीत. राख लावून खसाखसा. चुलीवरचं पातेलं घासावं तसं.

माझ्या तोंडून "हां हां" निघालं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हळू घासा मामी, पुसली जाईल परत."

"आता न्हाई पुसत," ती म्हणाली. "आता ती राह्याला आलीय." आणि अजून जोरात घासलं.

मी पायरीवर बसलो. खिशातलं तसंच. तिने आईला धुतलं, पदराने टिपलं आणि माझ्यापुढे धरलं. तोंडावर असं हसू होतं की मी मान खाली घातली. बदलायचं म्हणजे हे हसू काढून न्यायचं. आई परत गेली, म्हणजे गेणू येत नाही, असंच ती धरणार. मग मी तिला पेंढ्याचे दोन भारे आणून दिले आणि तसाच माघारी आलो.

दुसऱ्या दिवशी ताईने सदरा धुवायला घेतला. खिशाला हळद. आत हात घातला तर माहेरची आई. तिला ओळखायला किती वेळ लागतो? लहानपणापासून त्या उंचवट्याला हात जोडलेत तिने. मला वाटलं भांडी फेकेल. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि तिने सगळं माझ्याकडून काढून घेतलं, अगदी पहिल्या दिवशी आई उलटी केली तिथपासून. तुला पत्रं लिहिली तेही. मग म्हणाली, "माझी आई त्याला देवीचा सांगावा समजून बसलीय. सांगावा तुमी धाडलाय. आता त्यो खरा करा, न्हाईतर तुमीच जाऊन तिला सांगा. मी सांगनार न्हाई."

तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. ताट वाढते, समोर बसत नाही. मी माझा नाण्यांचा ट्रे उघडतो, मधली रिकामी जागा बघतो, बंद करतो. सगळे टायबेरियस ओळीने एकाच दिशेला तोंड करून बसलेत, माझ्याकडे कोणी बघत नाही. जुनी आई मी त्या रिकाम्या जागेत ठेवून बघितली. बसते बरोबर. पण तिथे ती नाणं होत नाही. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला, ते हातात आहे आणि हातात घेववत नाही. उचलून ताईच्या हळदीच्या डब्यात ठेवलंय.

तुला एक सांगतो. या टायबेरियसचं आईशी पटत नव्हतं. तो राजधानी सोडून एका बेटावर जाऊन बसला. राजा असून. आई म्हातारी झाली, आजारी पडली, हा आला नाही. वारली तर निरोप पाठवला की येतो, आणि लोक वाट बघत राहिले. शेवटी त्याच्यावाचूनच उरकलं. हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा टोमणा आहे.

बावीस तारखेला घट बसतात. सकाळच्या मुहूर्तावर. हुबळीहून रात्रीची गाडी पकडलीस तर पहाटे पुण्यात. चांदणी चौकात उतर, मी स्कूटर घेऊन उभा राहतो. सोनियाला घेऊन ये. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, मी कबूल आहे. माझ्यामुळे त्या म्हातारीची जी आशा लागली ती खोटी पडू नये, एवढंच मागतो. मला आयुष्यात कुणापुढे हात पसरायची वेळ आली नव्हती, आता आलीय.

दाजी


ताम्हिणी, २४ सप्टेंबर

गेणू,

तू आला नाहीस.

मी चांदणी चौकात उभा होतो. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, ज्या ज्या पाट्या दिसल्या त्या प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं बघितली. टकलू दिसला की पुढे व्हायचो. उजाडून ऊन चढलं तेव्हा निघालो.

इथे आलो तर मामी घरात नव्हती. दादासाहेबाच्या ढाब्यासमोर एसटी थांबते, तिथल्या दगडावर बसलेली. काळा चष्मा, धुतलेलं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवी साडी. तुझी ताई शेजारी उभी. एसटी आली की मामी उठायची. गाडीतून धबधबे बघायला आलेली पोरं उतरायची, सेल्फी काढायची. ती एकेकाचं तोंड निरखायची आणि परत बसायची. ताई गाडीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

घरात घटाची माती तयार, धान्य भिजलेलं. मुहूर्त टळत चालला होता. ताई म्हणाली, "आये, घट बसव." तर म्हणे, "त्याच्या हातनं बसवायचा. थांब जरा."

अजून एक एसटी आली आणि गेली. मी म्हणालो, "मामी, घरात चला. मला सांगायचंय."

देव्हाऱ्यासमोर बसवलं तिला. खिशातून जुनी आई काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने अंगठा फिरवला आणि देव्हाऱ्यातल्या आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, जास्त नाही, कमी नाही. आवाज माझा मलाच परका वाटत होता.

"चोरी केली तुमी, पाव्हणं," ती म्हणाली.

"हो."

"देवाची."

"हो."

"आन बदल्यात आपलं चांगलं ठिवून गेला." तिने मान हलवली. "काय चोर हाय. चोरीबी धड करता येईना ह्यास्नी."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. तिने मूठ मिटली आणि ती म्हणाली, "मग गेणू येत न्हाई." तिने विचारलं नाही मला. सांगितलं. ताईने तोंडाला पदर लावला. त्या वेळी मला वाटलं, माझ्याकडची सगळी नाणी कुणी मुळशीच्या धरणात टाकली तरी चालतील, पण हे वाक्य परत घेता आलं पाहिजे.

मामीच्या हातात जुनी आई होती. मामी ती चाळवत होती, बोटं चाळवतात तशी, आणि चाळवता चाळवता आई उलटी झाली. तिने चष्मा वर केला. देवाला पालथं घालून बघायचं नसतं, म्हणून उजळतानाही तिने जन्मात मागची बाजू बघितली नव्हती, वरचीच घासायची.

"ह्यो कोन?"

"राजा आहे तो. टायबेरियस."

"आईच्या पाठीला ह्यो का?"

"तिचा मुलगा, मामी."

तिने ते अगदी डोळ्यापाशी नेलं. "पोरगा हाय व्हय. किती सोच्छ हाय. नाक बगा." मग म्हणाली, "काय झालं हुतं ह्येचं?"

मी सांगितलं. बेट, रुसवा, निरोप, वाट बघणं, सगळं.

"आई मेली तरी आला न्हाई?"

"नाही आला."

"आन तिनं बोलिवलं हुतं का त्याला? जित्ती हुती तवा?"

गेणू, या माणसावर मी मिळेल ते वाचलंय. आरोहीला सांगून इंग्रजी पुस्तकांतली पानंच्या पानं मराठीत करून घेतलीत. त्याने काय खाल्लं, कुणावर रागावला, सगळं. पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मी म्हणालो, "ठाऊक नाही."

"तिनं बोलवाया पायजे हुतं," मामी म्हणाली. "पोरगं रुसतंच. आईनं कशापायी रुसावं." आणि मग ती रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, तुझे वडील गेले तेव्हाही नाही. रडत रडत म्हणाली, "इतकी वर्सं मी पोराला पालथा घातला, आन वर रोज आईला कुकू लावत बसले."

तिने आपणच डोळे पुसले, नाक शिंकरलं, उठली. देव्हाऱ्यात माझं नाणं होतं, ते तसंच ठेवलं, आई वर. त्याच्या शेजारी जुनं ठेवलं, ते मात्र उलटं, राजा वर. दोघं मांडीला मांडी लावून. आईला कुंकू लावलं, मग राजाच्या कपाळालाही एक बोट. माझ्याकडे वळून म्हणाली, "दोनी हितंच ऱ्हातील. चालंल न्हवं?"

काय म्हणणार? माझं सगळ्यात चांगलं नाणं गेलं आणि ज्याच्यासाठी चोरी केली तेही गेलं. मी म्हणालो, चालेल. आणि खरं सांगतो, चाललं.

मग तिने घट बसवला, स्वतःच्या हाताने. हात धुतले आणि मला विचारलं, "त्यो तुमचा फोन कट करतुया न्हवं?"

"करतो."

"आना हिकडं."

ताम्हिणीत घरात रेंज कुठली. ढाब्यामागच्या कातळावर चढलं की दोन कांड्या येतात. डोळ्याच्या डॉक्टरने वाकू नका, चढू नका म्हणून बजावलंय, पण ती ऐकते होय? ताईने एक हात धरला, मी दुसरा. वर गेल्यावर मी तुझा नंबर लावून तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला, दोन्ही हातांनी धरून, पदर सावरून, तू समोर बसल्यासारखी.

सोमवारी दुपारी माझ्या नंबरवरून तुला फोन आला होता, गेणू. तू कट केलास. परत आला, परत कट केलास. तो मी नव्हतो.

तिने मला विचारलं, "हे टूं टूं काय वाजतंय?" मी म्हणालो, कामात असेल. ती म्हणाली, "आसंल. गाडीखाली आसंल." काल परत चढली. आज सकाळी पाऊस होता, तरी गोणपाटाची खोळ घेऊन चढली. मी परवापासून इथेच आहे, ताई माझ्याशी बोलते आता, आणि माझा फोन मामीच्या कमरेच्या पिशवीत असतो.

हे पत्र तुला कधी मिळेल कोण जाणे. तोवर माझा नंबर दिसला तर उचल. तिला फार काही बोलायचं नाही. सोनियाच्या बांगड्यांचं माप विचारायचंय.

दाजी